कोऱ्या जागेत भरलेलं पाणी

आमच्या संस्थेच्या साहेबांनी माउस हलवला आणि पडद्यावर अख्खा झाशी जिल्हा गर्रकन फिरला. वर करडी जमीन, तिच्यावर गावांचे ठिपके, आणि खाली, जिथं विहिरींना पाणी लागतं तिथं, एक निळी चादर. चादर कुठं वर आलेली, कुठं खाली गेलेली. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी "वाह" म्हणालं. चित्र मी केलेलं होतं, त्यामुळे मलाही बरं वाटलं. हे बरं वाटणं जेमतेम मिनिटभर टिकलं.

"गुरसराय साइड तो ठीक है," साहेब पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पानी बारह-तेरह मीटर पर है। इनको इस साल की लिस्ट में डालने की ज़रूरत नहीं।"

लिस्ट होती उन्हाळ्याआधी खोल बोअर मारून द्यायच्या गावांची. सात गावं एका वाक्यात बाहेर गेली.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. आकड्यांची फाइल मीच आदल्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये घातली होती. त्या कोपऱ्यातल्या सात विहिरींपुढचे रकाने कोरे होते, हे मला स्वच्छ आठवत होतं. मग तिथं बारा-तेरा मीटर कुठून आलं?

मी हात वर केला. "सर, उधर की रीडिंग ही नहीं है। सातों कुएँ खाली हैं फाइल में।"

"रीडिंग नहीं है तो ये नीला कहाँ से आया?"

साहेब सगळ्यांकडे बघून हसले. "मैडम, सॉफ्टवेयर तो आप ही का लाया हुआ है।" बाकीचेही हसले. पुढचा तालुका पडद्यावर आला.

मी जिथं काम करते ती संस्था विहिरींची पातळी मोजते आणि तिचे नकाशे करून सरकारी बैठकीत ठेवते. एवढंच तिचं काम आणि एवढंच माझं. सॉफ्टवेअर मी आणलेलं होतं हेही खरं. विकतचं घ्यायला संस्था तयार नव्हती, म्हणून मी ओपन सोर्स शोधलं. ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो, कोणालाही सुधारून परत पाठवता येतो, आणि कोणालाही फुकट वापरता येतो, असं. आकड्यांची चित्रं काढायचं, लांबी-रुंदी-खोली अशी तिन्ही बाजूंनी. जगात कुठं कुठं बसलेली पंधरा-वीस माणसं आपापल्या फावल्या वेळात ते चालवत होती.

आधी मी नुसती वापरायचे. मग एक गोष्ट खटकली. ते सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा डोंगरासारखा वर चढवायचं. विहिरीचा आकडा वाढला की पाणी खाली जातं, आणि यांच्या चित्रात ते आभाळात जायचं. मी तीन आठवडे खपून चाळीसेक ओळींचा बदल लिहिला आणि पाठवला. तो घेतला गेला. योगदान देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, झाशीत बसून, न पाहिलेल्या माणसांनी माझं काम चांगलं म्हटलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे जिलबी आली. पुढची चार वर्षं मी त्या प्रकल्पाचीच झाले. कोणाचा बदल वाचून बघायचा, कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, सूचना सोप्या भाषेत लिहायच्या. ऑफिसात मला "मैडम" म्हणून फाइल हातात देत. प्रकल्पात माझं मत विचारत.

म्हणून त्या बैठकीत साहेबांवर जेवढा संताप झाला तेवढाच त्या निळ्या चादरीवरही झाला. आपल्याच घरातल्या माणसानं चारचौघांत खोटं बोलावं तसं वाटलं.

दोन दिवसांनी रजा टाकून मी गुरसरायची बस धरली. तिथून पुढं टेंपोनं. कोरा रकाना का कोरा राहिला हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. सातपैकी तीन विहिरी मोजणारा एकच माणूस होता, पन्नाशीचा, पाणीटाकीवर नोकरी करणारा, महिन्यातून एकदा आमच्यासाठी टेप सोडणारा. त्यानं मला विहिरीवर नेलं. टेपच्या टोकाला लोखंडी वजन असतं. ते त्यानं सोडलं. टेप उलगडत गेली, उलगडत गेली, आणि मग खालून ठक् असा आवाज आला. वर ओढलं तर वजनाला कोरडी माती चिकटलेली.

"कब से?" मी विचारलं.

"माघ से, मैडम।"

"तो आपने लिखा क्यों नहीं?"

तो घरात जाऊन वही घेऊन आला. शाळेतली वही, रेघा आखलेली. तारखेपुढं, तीनही विहिरींपुढं, त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: सूखा. सूखा. सूखा.

"हमने तो लिख दओ हतो," तो म्हणाला. "आपके फोन वारे फारम में जे लिखो तो लाल हो जात है। कहत है, नंबर डालो। अब सूखे को कौन सो नंबर?"

आमच्या मोबाइलच्या फॉर्ममध्ये फक्त आकडा भरता येत होता. त्याला आकडा नव्हता, म्हणून त्यानं जागा कोरी ठेवली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आणि मग आमच्या सॉफ्टवेअरनं ती कोरी जागा बघून आजूबाजूच्या विहिरींचे आकडे घेतले. आजूबाजूच्या म्हणजे कालव्याकाठच्या, पाणी असलेल्या. त्यांची सरासरी काढून इथं निळं पाणी पसरलं. ज्या विहिरीत त्या माणसानं वाकून माती बघितली होती तिथं.

उरलेल्या चारही विहिरींवर मी जाऊन आले; त्याही कोरड्या, आणि तिथल्या मोजणाऱ्यांच्या वह्यांतही तोच शब्द, सूखा. परतीच्या बसमध्ये माझा राग वाढतच गेला. आमच्या माहेरच्या मराठीत, जी दोन-अडीचशे वर्षं इथंच मुरलीय, रागाला आम्ही "गुस्सा"च म्हणतो. माझा नवरा सांगलीचा. इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आला आणि इथलाच झाला, पण लग्नापासून तो मला सुधारतोय: गुस्सा नाही, राग म्हण. त्या दिवशी घरी शिरताच मी म्हटलं, "मला फार गुस्सा आलाय." त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

कोडमध्ये ती जागा शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. आधी असं नव्हतं. आधी आकडा नसेल तिथं चित्रात भोक पडायचं. पुढं कोणीतरी बदल करून ती भोकं आपोआप बुजवायची सोय केली होती, आणि ती न सांगता, सगळ्यांसाठी, कायम चालू ठेवली होती. वापरणाऱ्याला कळायचंही नाही की यातलं काय मोजलेलं आहे आणि काय भरलेलं.

मी प्रकल्पाच्या जागेवर रीतसर तक्रार लिहिली. विहिरींचे फोटो लावले. माझ्या मते नम्रपणे लिहिलं.

कोणाचा बदल घ्यायचा आणि कोणाचा नाही हे एक माणूस ठरवत असे. मेंटेनर म्हणतात त्याला. दुसऱ्या खंडात राहायचा, मी त्याचा चेहराही पाहिलेला नव्हता. त्याची तुटक वाक्यं तेवढी ओळखीची. त्याचं उत्तर तासाभरात आलं. त्याचा अर्थ असा: हा दोष नाही. असंच चालणं अपेक्षित आहे. सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. तुमचा डेटा आधी स्वच्छ करा. आणि तक्रार त्यानं बंद केली.

स्वच्छ करा! मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि लिहायला लागले. इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही. ऑफिसात हिंदीत भांडते, घरी मराठीत. इंग्रजीत फक्त अर्ज लिहिलेले. त्यामुळे जे बाहेर पडलं ते मोडकं आणि भयंकर होतं. तुमच्या गुळगुळीत चित्राखाली सात गावं पुरली गेली, असं लिहिलं. तुम्ही घरी नळ सोडता, पाणी येतं, म्हणून तुम्हाला कोरी जागा म्हणजे घाण वाटते, असं लिहिलं. भित्रा असंही एक विशेषण घातलं. पाठवलं.

अर्ध्या तासात ती सगळी चर्चा कुलूपबंद झाली. खाली एक ओळ होती: या प्रकल्पात असभ्य भाषा चालत नाही, पुन्हा असं झालं तर लिहिण्याचा हक्क काढून घेऊ. चार वर्षं मी तिथं राबले होते.

सकाळी नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो डबा भरत होता. म्हणाला, "अगं, तुझं बरोबर आहे. पण शिव्या देऊन कोड बदलत नाही. आमच्याकडे मीटर बंद पडलं तर आम्ही—"

"अहो, मला प्रवचन नकोय!"

"मग काय हवंय?"

"कोणीतरी म्हणायला हवंय की हे चुकलं. बस. ऑफिसात कोणी म्हणत नाही, तिकडे कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, तुझी फाइल, तुझा डेटा, तुझं सॉफ्टवेअर."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "चुकलं," तो म्हणाला. मला त्याचाही राग आला, कारण त्यानं म्हणून काय होणार होतं.

तिसऱ्या दिवशी एका बाईचं पत्र आलं, प्रकल्पातल्याच. ती कुठल्याशा बेटावर समुद्राचा तळ मोजायचं काम करते. आमची ओळख एकमेकींच्या कोडपुरती. तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. तुझा मुद्दा बरोबर आहे, भाषा चुकली. कुलूप लागलेल्या ठिकाणी भांडण्यात अर्थ नाही; आपण दोघी मिळून बदल लिहू, कोडला नाही म्हणणं त्याला जड जाईल. आणि शेवटी: पण आधी तो जुना बदल कोणी तपासून मंजूर केला ते बघ, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही.

प्रत्येक बदलाचा इतिहास तिथं जपलेला असतो. कोणी लिहिला, कोणी वाचला, कोण काय म्हणालं. मी तो उघडला. भोकं बुजवणारा बदल तीन वर्षांपूर्वीचा होता. दोघांनी तपासून होकार दिला होता. एक मेंटेनर. दुसरी मी.

माझे शब्दही होते तिथं. "छान दिसतंय. पृष्ठभाग आता किती गुळगुळीत आला." खाली हसरा चेहरा.

मला तो दिवस आठवेना. आजही आठवत नाही. बहुधा ऑफिसला निघायच्या घाईत बघितलं असेल, सुंदर दिसलं, म्हणून हो म्हटलं असेल. मी स्क्रीन बंद केली, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. भांडेवाली येऊन घासून गेली होती. तीच पुन्हा घासली. स्वतःवरचा तो राग इतर रागांसारखा नव्हता. त्याला ओरडायला कोणी समोर नव्हतं. मेंटेनरला मी भित्रा म्हटलं होतं, आणि त्यानं ते वाचताना माझा होकार त्याला नक्की आठवला असणार. तरी त्यानं तो माझ्या तोंडावर मारला नाही. याचाही मला राग आला, हे कबूल करते.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. माझ्या सकाळी सहाला तिच्याकडे दुपार सरत आलेली असायची. पडद्यावर तिच्या मागं खिडकी, खिडकीत वारा. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच अडखळतं, त्यामुळे मला सोपं गेलं. पण काम सोपं गेलं नाही. पहिले दोन आठवडे आम्ही भांडण्यातच घालवले.

तिचं म्हणणं साधं होतं. आकडा नाही, तिथं भोक ठेवा. झालं.

"नाही झालं," मी म्हणायचे. "भोक म्हणजे कोणी गेलंच नाही. माझा माणूस गेला होता. त्यानं टेप सोडली. त्यानं बघितलं."

"पण आकडा आणला नाही ना?"

"आकडा नव्हताच! हेच तर त्यानं सांगितलं!"

"मग ते टिपणीत लिही. चित्रात कसं काढणार?"

एकदा मी कॉल मध्येच तोडला. तिनं दोन दिवस काही लिहिलं नाही. मला वाटलं, हीही गेली. तिसऱ्या सकाळी तिनं स्वतःहून फोन लावला आणि एक जुना तक्ता पडद्यावर धरला. तिच्या बेटाच्या एका बाजूला समुद्र एकदम खोल जातो. तिथं, पूर्वी दोर सोडून खोली मोजायचे तेव्हा, दोर संपायचा आणि तळ लागायचा नाही. तेव्हाच्या लोकांनी तिथं जागा कोरी सोडली नव्हती. दोराची लांबी लिहून तिच्यावर एक आडवी रेघ आणि टिंब काढलं होतं. म्हणजे: इतकं मोजलं, तरी तळ नाही.

"तुझी कोरडी विहीर हीच आहे," ती म्हणाली. "तिला आकडा आहे. विहिरीची स्वतःची खोली. पाणी त्याच्याही खाली आहे, किती खाली ते माहीत नाही."

मी तिला मराठीत "अगं बाई!" म्हटलं. तिला कळलं नाही, पण ती हसली.

त्यानंतर काम धावलं. आकड्याचे तीन प्रकार ठरवले. मोजलेला, न मोजलेला, आणि मोजायला गेलो पण तळापर्यंत काही नाही, असा. पहिल्याला निळा पृष्ठभाग. दुसऱ्याला भोक. तिसऱ्याला जमिनीपासून विहिरीच्या तळापर्यंत एक काळी उभी काठी, आणि तिच्याभोवती चादर फाटलेली. चित्र विद्रूप दिसायला लागलं. जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात सात काळ्या काठ्या उभ्या राहिल्या. ते बघून पहिल्यांदा मला वाटलं की आता खरं दिसतंय.

बदल पाठवताना मी वर माझी चूक लिहिली: जुन्या बदलाला होकार मी दिला होता, न विचार करता. आणि वापरलेल्या शब्दाबद्दल माफी मागितली. मुद्द्याबद्दल मागितली नाही.

मेंटेनरनं पाच आठवडे छळलं. दुसरा शब्द नाही. इथं मोकळी जागा जास्त, तिथं नाव लांब, याची चाचणी लिहा, त्याची चाचणी लिहा. सगळं केलं. मग मूळ आडकाठी आली: हे सगळ्यांसाठी कायम चालू ठेवलं तर लोक तक्रार करतील की चित्र फाटलंय.

मी लिहिलं, "फाटलेलंच आहे. आपण शिवून देत होतो."

त्यावर त्याचं लांब उत्तर आलं, पहिल्यांदाच लांब. लिहिलं होतं की गेली कित्येक वर्षं रविवार घालून तो हे फुकट सांभाळतोय, आणि त्याच्याकडे जो येतो तो चिडूनच येतो. चादर सपाट नसली की चिडतात, सपाट असली की चिडतात. कोणाची नवी तक्रार आली तरी आता ती उघडायला नको वाटतं. तुमचे फोटो मी बघितले होते, त्यानं लिहिलं. त्याच दिवशी बघितले होते.

मला वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही. त्याच दिवशी बघितले होते, तर त्याच दिवशी एवढं तरी म्हणायचं होतं.

शेवटी तडजोड झाली. भोकं बुजवणं बंद. ज्याला हवं त्यानं मुद्दाम चालू करायचं, आणि केलं तर चित्राखाली ठळक ओळ येणार की यातला काही भाग मोजलेला नाही. ती ओळ काढता येत नाही. ती काढता येऊ नये यासाठी मी शेवटपर्यंत अडून बसले, आणि त्या बेटावरच्या बाईनं माझ्या बाजूनं तीन पानं लिहिली.

नवीन आवृत्ती आली त्याच दिवशी मी चित्र पुन्हा केलं. ऑफिसच्या प्रिंटरवर मोठं निघेना, म्हणून मानिक चौकातल्या गल्लीत बॅनर छापणाऱ्या दुकानात गेले. दुकानदारानं फाइल उघडली, चित्र मोठं केलं आणि मान हलवली.

"मैडम जी, ये बीच-बीच में फट गया है। भर दूँ? दो मिनट का काम है।"

"हाथ मत लगाना!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई बाहेर डोकावली. दुकानदार बिचारा मागं सरकला. छापून होईपर्यंत मी त्याच्या खुर्चीमागं उभी होते.

ते चित्र घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर पसरलं. काठ्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं, आणि त्यांना लगेच कळलं. ते मूर्ख नाहीत, हेच तर दुःख आहे.

"रिपोर्ट तो चली गई," ते म्हणाले.

"तो दूसरी भेजिए, सर। लिखिए कि पहली ग़लत थी।"

"ग़लत लिखेंगे तो अगली बार हमारी रिपोर्ट कौन मानेगा? अगले साल देख लेंगे।"

"अगले साल तक वो लोग क्या पिएँगे?"

"मैडम, आप इमोशनल हो रही हैं।"

मी इमोशनल नव्हते. मला गुस्सा आला होता, आणि त्या दोन गोष्टींत फरक आहे. मी केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलावर बसले आणि पत्र लिहिलं. ज्या बैठकीत चित्र दाखवलं होतं तिथल्या सगळ्यांना. त्यात साहेबांवर एक शब्द नव्हता. लिहिलं की ते चित्र मी केलं, त्यातली सात ठिकाणं मोजलेली नसून सॉफ्टवेअरनं भरलेली होती, हे मी तपासायला हवं होतं. या सातही विहिरी कोरड्या आहेत, ही मोजणाऱ्यांच्या वह्यांची छायाचित्रं. खाली माझी सही. प्रत साहेबांना.

पुढं जे झालं ते असं. सातपैकी दोन गावं पुरवणी यादीत आली. त्यांना बोअर मिळाली, पावसाळा तोंडावर असताना. तीन गावांना टँकर सुरू झाले. उरलेल्या दोन गावांचं काय झालं ते मी विचारत राहिले आणि मला कोणी सांगत नव्हतं. नंतर कळलं की तिथल्या बायका तो सगळा उन्हाळा शेजारच्या गावाच्या पंपावर रांग लावत होत्या आणि तिथं हाणामारीही झाली. मला नकाशांच्या कामावरून काढून जुन्या फाइली स्कॅन करायला बसवलं. सहा महिन्यांनी, दुसऱ्या कोणाला ते सॉफ्टवेअर चालवता येईना, तेव्हा गुपचूप परत आणलं. कोणी माफी मागितली नाही. पण परत येताना मी एक अट घातली: मोबाइलचा फॉर्म मी बदलणार. त्यात आता आकड्याशेजारी आणखी दोन पर्याय आहेत. मोजलं नाही. सूखा.

तो शब्द मी त्या वहीतला जसाच्या तसा ठेवला. साहेबांनी "जल अनुपलब्ध" सुचवलं होतं.

यंदा चैत्रात पहिल्याच मोजणीला गुरसरायकडच्या त्या माणसाचा फोन आला. मी बरुआसागरला, तळ्याजवळच्या एका विहिरीवर होते. तिथं पाणी हाताच्या अंतरावर असतं, आणि मला ते बघूनही हल्ली चीड येते, उगाचच.

"मैडम, फारम में दिक्कत है।"

"अब क्या हुआ?"

"कीचड़ है।"

"मतलब?"

"मतलब कीचड़। पानी नईं है, टेप भीगत नईं। पर सूखा भी नईं है, वजन धँस जात है। कल तक पानी हतो। हम का भरें?"

मी विहिरीच्या काठावर बसले. तीन प्रकार करायला आम्हाला तीन महिने लागले होते. बेटावरची बाई, मेंटेनर, मी, इतक्या चाचण्या, इतकी भांडणं, आणि कोणाच्या डोक्यात चिखल आला नव्हता.

"काए मैडम, सुन रईं हो?"

"सुन रही हूँ। आप अपनी कॉपी में लिख लीजिए। कीचड़ ही लिखिए, तारीख डालकर।"

"और फारम में?"

"फॉर्म में अभी कुछ मत भरिए," मी म्हटलं. "दो दिन रुकिए। मैं बात करती हूँ उन लोगों से।"

"हओ," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.